ड्युप्लिसिटी: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाचताना ‘ड्युप्लिसिटी’ हा शब्द आला की बहुतेक जण संदर्भावरून ‘फसवणूक’ असा अर्थ धरतात आणि पुढे जातात. वाक्य कळतं, पण त्यातला नेमका आरोप निसटतो. फसवणुकीसाठी इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. लिहिणाऱ्याने त्यातून हाच उचलला असेल तर त्याला दोन चेहऱ्यांबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. भाषांतर करणारे, परीक्षेची तयारी करणारे आणि इंग्रजी बातम्या वाचणारे या शब्दाबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ड्युप्लिसिटी म्हणजे नेमकं काय?

मनात एक ठेवून बाहेर दुसरंच दाखवणं, किंवा एका माणसाला एक चेहरा आणि दुसऱ्याला वेगळाच चेहरा दाखवणं, तेही समजून-उमजून आणि समोरच्याच्या विश्वासाचा फायदा घेत. आपण ‘ओठात एक, पोटात एक’ म्हणतो ते याच्या सर्वांत जवळचं.

शब्द लागू पडतो की नाही हे पाहायचं असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. दोन रूपं एकाच काळात चालू आहेत का? करणाऱ्याला दोन्हींची पूर्ण जाणीव आहे का? आणि ज्याला एक रूप दिसतंय, त्याच्यापासून दुसरं लपवलेलं आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर शब्द बसला. कुलूप तोडून शिरलेल्या चोराला कोणी ड्युप्लिसिटस, म्हणजे ड्युप्लिसिटी करणारा, म्हणत नाही. घरात येऊन-जाऊन असलेला, अडीअडचणीला धावून येणारा आणि त्याच वेळी घरातली माहिती बाहेर पुरवणारा मित्र मात्र या शब्दात चपखल बसतो.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने. लॅटिनमध्ये ‘ड्युप्लेक्स’ म्हणजे दुहेरी, दुमडलेलं: ‘दुओ’ म्हणजे दोन आणि ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं. त्यावरून ‘दुहेरीपणा’ या अर्थाचं नाम झालं आणि ते पंधराव्या शतकात इंग्रजीत आलं. ड्युप्लिकेट, डबल, ड्युप्लेक्स हे सगळे त्याच कुटुंबातले.

मराठी माणसाला हे कुटुंब परकं वाटायचं कारण नाही. लॅटिन ‘दुओ’ आणि संस्कृत ‘द्वि’ यांचं मूळ एकच. म्हणूनच दुहेरी, दुटप्पी, दुतोंडी, दुरंगी या आपल्या शब्दांतला ‘दु’ आणि ड्युप्लिसिटीतला ‘ड्यु’ लांबचे का होईना, भाऊबंदच आहेत. दोन जिभांची कल्पनाही दोन्हीकडे सापडते. संस्कृतात ‘द्विजिह्व’ म्हणजे साप आणि चहाडखोर, कपटी माणूससुद्धा. इंग्रजीतही लबाड बोलणाऱ्याची जीभ दुभंगलेली असल्याचं म्हणतात, ‘फोर्क्ड टंग’. दोन चेहऱ्यांचा रोमन देव जेनस हा खरं तर दारांचा आणि आरंभांचा देव, जानेवारी महिना त्याच्याच नावाचा. त्याच्याकडे कपट नव्हतं. तरी इंग्रजीत ‘जेनस-फेस्ड’ म्हटलं की बऱ्याचदा दुतोंडी असाच अर्थ होतो. दोन तोंडं दिसली की माणसाला संशय येतो, एवढं खरं.

मराठीत याला कोणता शब्द वापरावा?

एकच ठरावीक शब्द देता येत नाही. वाक्य कशाबद्दल आहे त्यावर ठरतं.

शब्दकोशात पहिला पर्याय सहसा ‘दुटप्पीपणा’ असतो आणि पुष्कळदा तो चालतो. पण एक अडचण आहे. आजच्या वर्तमानपत्री मराठीत ‘दुटप्पी भूमिका’ म्हणजे स्वतःसाठी एक नियम आणि दुसऱ्यासाठी वेगळा, असा अर्थ रुळत चालला आहे. त्याला इंग्रजीत ‘डबल स्टँडर्ड’ म्हणतात आणि तो राजरोस, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू शकतो. ड्युप्लिसिटीला लपवाछपवी लागते. त्यामुळे मूळ वाक्यात कपटाचा भाग ठळक असेल तर मी ‘दुटप्पीपणा’ टाळतो आणि ‘दुतोंडीपणा’ किंवा ‘दुहेरी कपट’ घेतो.

विश्वासातल्या माणसाने केलेल्या कपटाबद्दल वाक्य असेल तर ‘केसाने गळा कापला’ हा वाक्प्रचार नामापेक्षा जास्त काम करतो. गोड बोलून आतून घात करण्याचा रोख असेल तर ‘आतल्या गाठीचा’ हे विशेषण हाताशी आहे. वरवर सोज्वळ आणि आत भलतंच असेल तर ‘साळसूदपणा’ आठवावा, किंवा ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’. ‘लबाडी’ मात्र जपून वापरावी. लहान मुलाच्या खोडीलाही आपण कौतुकाने लबाडी म्हणतो, ड्युप्लिसिटीत कौतुकाला जागा नाही.

आणि नुसतं ‘फसवणूक’? कळण्यापुरतं ठीक. पण मूळ लेखकाने दाखवलेले दोन चेहरे त्यात पुसले जातात, आणि त्या दोन चेहऱ्यांसाठीच तर त्याने हा शब्द घेतलेला असतो.

एकही शब्द खोटा न बोलता ड्युप्लिसिटी होऊ शकते का?

हो, आणि बरेचदा तशीच होते. आपल्याकडचं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, त्यामुळे ‘अश्वत्थामा मेला’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं. पण ते उच्चारलं गेलं ते द्रोणाचार्यांना आपला मुलगा गेला असं वाटावं म्हणूनच. हत्तीचा उल्लेख ऐकू येणार नाही इतक्या हळू झाला. वाक्य खरं आणि हेतू खोटा. महाभारतकारांनी या अर्धसत्याची किंमतही लगेच मोजायला लावली आहे: तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला.

म्हणून ड्युप्लिसिटी शोधताना एकेका वाक्याची सत्यता तपासून भागत नाही. कोणाला काय सांगितलं आणि कोणापासून काय राखून ठेवलं, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहावं लागतं.

डिसीट, हिपॉक्रसी, मेंडॅसिटी, पर्फिडी… यांत आणि ड्युप्लिसिटीत फरक काय?

‘डिसीट’ आणि त्यावरून आलेलं ‘डिसीटफुलनेस’ हे सर्वांत व्यापक शब्द. कोणत्याही प्रकारे दुसऱ्याला चुकीच्या समजुतीत पाडणं त्यात येतं. लॅटिन मुळात सापळ्यात पकडण्याची कल्पना आहे. प्रत्येक ड्युप्लिसिटी ही डिसीट असते, उलट मात्र नाही.

‘मेंडॅसिटी’ म्हणजे खोटारडेपणा, खोटं बोलण्याची खोड. तिथे चेहरा एकच असतो, फक्त तो सतत खोटं बोलतो.

‘हिपॉक्रसी’चा गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून थोडं सविस्तर. मूळ ग्रीक शब्द रंगभूमीवरचा, नटाच्या अभिनयाचा. जे गुण आपल्यात नाहीत त्यांचा आव आणणं म्हणजे हिपॉक्रसी. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हे तिचं अचूक वर्णन. पण ढोंगी माणसाला दुसऱ्याचं काही हिरावून घ्यायचं असेलच असं नाही. कित्येकदा तो स्वतःलाच फसवत असतो, आपण खरोखर तसे आहोत असं त्याला वाटत असतं. ड्युप्लिसिटीत स्वतःला फसवणं बसत नाही. तिथे माणसाला आपली दोन्ही रूपं लख्ख ठाऊक असतात आणि कोणतं कुणापुढे न्यायचं याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो.

‘पर्फिडी’ म्हणजे दिलेल्या वचनाचा, ठेवलेल्या विश्वासाचा घात. हा शब्द युद्धाच्या कायद्यातही आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ३७व्या कलमात पर्फिडीवर बंदी आहे. शरण आल्याचा किंवा जखमी असल्याचा बहाणा करून शत्रूला मारणं हा गुन्हा. मात्र झाडापाल्यात दडणं, खोटे रणगाडे उभे करणं, चुकीच्या बातम्या पसरवणं या युद्धातल्या युक्त्या म्हणून त्याच कलमात मान्य केल्या आहेत. कायद्याने बोट ठेवलं आहे ते संरक्षण देणाऱ्या विश्वासाचा गैरवापर करण्यावर.

‘गाइल’ आणि ‘कनिंग’ हे कावेबाजपणाचे शब्द. त्यांत हुशारीचा वास जास्त. ‘डिसइंजेन्युअस’ हे बोलण्यात किंवा लिहिण्यात साळसूदपणे अर्धवट माहिती देण्याबद्दल, आरोप म्हणून जरा सौम्य.

इतिहासातलं एखादं स्वच्छ उदाहरण आहे का?

१७५७ सालचं, रॉबर्ट क्लाइव्ह आणि अमीचंद यांचं. दुहेरी कपट इतक्या शब्दशः क्वचितच घडलं असेल.

बंगालचा नवाब सिराज-उद-दौलाला हटवून मीर जाफरला गादीवर बसवण्याचा कट ईस्ट इंडिया कंपनीने रचला होता. कलकत्त्याचा धनाढ्य व्यापारी अमीचंद त्यात मध्यस्थ होता. नवाबाच्या खजिन्यातला मोठा वाटा मला करारात लिहून द्या, नाहीतर कट फोडतो, अशी धमकी त्याने दिली. क्लाइव्हने नकार दिला नाही. त्याने दोन करार तयार करवले. पांढऱ्या कागदावरचा खरा, त्यात अमीचंदचं नावही नव्हतं. लाल कागदावरचा खोटा, त्यात त्याची मागणी व्यवस्थित लिहिलेली. अ‍ॅडमिरल वॉटसनने लाल कागदावर सही करायचं नाकारलं, तेव्हा क्लाइव्हच्या सांगण्यावरून त्याची सही दुसऱ्याकडून ठोकून घेतली. प्लासीची लढाई जिंकल्यावर अमीचंद आपला वाटा घ्यायला आला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की लाल कागद बनावट आहे, तुला काहीही मिळणार नाही.

पुढे ब्रिटिश संसदेत चौकशी झाली तेव्हा क्लाइव्हने हे कृत्य लपवलं नाही, उलट त्याचं समर्थन केलं. अमीचंद स्वतः धमक्या देणारा होता, हे खरंच. पण समोरचा लबाड होता म्हणून दोन कागदांचा एक कागद होत नाही. या प्रसंगाला ‘खोटं बोलला’ किंवा ‘करार मोडला’ म्हणणं अपुरं आहे. एकाच वेळी, एकाच व्यवहारासाठी, दोन वेगवेगळ्या डोळ्यांसाठी दोन दस्तऐवज. ड्युप्लिसिटी म्हणतात ती हीच.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश धोरणाबद्दलही हा शब्द सतत वाचायला मिळतो. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रांतून अरब स्वातंत्र्याला पाठिंब्याचं आश्वासन, १९१६ मध्ये फ्रान्सशी तोच प्रदेश वाटून घेण्याचा गुप्त सायक्स-पिको करार आणि १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्यातलं, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंब्याचं तिसरंच वचन. रशियातल्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी गुप्त करार छापून टाकला आणि सगळं उघड्यावर आलं.

माणसाऐवजी संस्थेबद्दल, कंपनीबद्दल हा शब्द वापरता येतो का?

येतो. सरकार, पक्ष, कंपनी, वृत्तपत्र, कोणाबद्दलही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आलेलं फोक्सवॅगनचं प्रकरण घ्या. त्यांच्या डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं, की गाडी प्रदूषण-चाचणीवर आहे हे ओळखलं की इंजीन स्वच्छ चालायचं आणि रस्त्यावर आलं की नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. तपासनिसाला एक इंजीन आणि हवेत श्वास घेणाऱ्यांना दुसरं. यावर लिहिताना ‘फ्रॉड’ हा शब्द कायद्याची बाजू सांगतो. ड्युप्लिसिटी हा शब्द त्यातली दोन तोंडं दाखवतो.

कोणी मत बदललं तर ती ड्युप्लिसिटी का?

नाही. काल एक म्हणणं आणि आज दुसरं, ही धरसोड असेल, संधिसाधूपणा असेल, किंवा प्रामाणिकपणे बदललेलं मतही असेल. दोन्ही म्हणणी एकाच वेळी, वेगवेगळ्या लोकांपुढे चालू असली पाहिजेत. सौजन्यापोटी गप्प बसणंही यात येत नाही. आजाऱ्यापाशी चेहरा हसरा ठेवणाऱ्याला कोणी दुतोंडी म्हणू नये. राजकीय चर्चेत हा शब्द इतक्या सहज फेकला जातो, की खरोखर दुहेरी खेळ झाला तेव्हा सांगायला शब्दच उरत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेरगिरी म्हणजे ड्युप्लिसिटीच ना? मग ती नेहमी वाईटच का?

कृती म्हणून पाहिलं तर हो, दुहेरी हेर हा ड्युप्लिसिटीवरच जगतो. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुहोल गार्सिया हा स्पॅनिश माणूस ब्रिटिशांसाठी ‘गार्बो’ या टोपणनावाने काम करत होता आणि जर्मनांना तो आपला हुकमी हेर वाटत होता. त्याने सत्तावीस उपहेरांचं जाळं उभं केल्याचं जर्मनांना भासवलं. त्यातला एकही अस्तित्वात नव्हता. नॉर्मंडीवरचा ६ जून १९४४ चा हल्ला ही हूल आहे, खरा हल्ला पा-द-कॅले इथे होणार, हे त्याने त्यांच्या गळी उतरवलं. त्याच वर्षी जर्मनीने त्याला आयर्न क्रॉस हे लष्करी पदक दिलं आणि ब्रिटनने एमबीई हा किताब.

तरी ब्रिटिश लेखक त्याच्याबद्दल लिहिताना ‘ब्रिलियंट डिसेप्शन’ असं काहीसं लिहितील, ड्युप्लिसिटी हा शब्द नकोसा वाटेल. कारण या शब्दात निषेध आधीच भरलेला आहे. ‘डिसेप्शन’ हा त्या मानाने थंड, तांत्रिक शब्द: लष्करी योजनेलाही चालतो, जादूगारालाही चालतो. ज्याच्याबद्दल आदर आहे त्याला ड्युप्लिसिटी चिकटवली जात नाही. त्यामुळे हा शब्द दिसला की लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे तेही कळतं.

वाक्यात कसा वापरायचा?

नाम आहे, आणि बहुतेक वेळा एकवचनीच चालतं. अनेकवचन शक्य आहे, पण ते क्वचित दिसतं. सोबत येणारी क्रियापदं ठरलेली: एखाद्यावर ड्युप्लिसिटीचा आरोप करणं, ती उघडी पाडणं, तिला बळी पडणं. ‘ही वॉज अक्यूज्ड ऑफ ड्युप्लिसिटी’ म्हणजे ‘त्याच्यावर दुतोंडीपणाचा आरोप झाला’. ‘हर ड्युप्लिसिटी वॉज एक्स्पोज्ड’ म्हणजे ‘तिचं कपट उघडं पडलं’.

विशेषण ‘ड्युप्लिशस’ नव्हे, ‘ड्युप्लिसिटस’. बोलण्यात आखूड रूप कानावर आलं, तरी लिहिताना पूर्ण रूपच घ्यावं. हे विशेषण नामाच्या मानाने खूपच अलीकडचं. क्रियापद मात्र नाही. ‘ड्युप्लिकेट’ करणं म्हणजे नक्कल काढणं, त्यात कपट नाही. असं वागणाऱ्या माणसाला ‘डबल-डीलर’ म्हणतात.

रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषक हा शब्द वापरतात का?

फारसा नाही. हा लेखी, वजनदार शब्द आहे: अग्रलेख, चरित्र, इतिहास, न्यायालयीन निकाल. गप्पांमध्ये ते ‘टू-फेस्ड’ म्हणतील किंवा ‘बॅकस्टॅबर’. कामाच्या ठिकाणी कोणाला ई-मेलमध्ये हा शब्द लिहिणार असाल तर आधी दोनदा वाचा. यात हेतूचा आरोप आहे आणि हेतू सिद्ध करणं अवघड असतं. ‘सोमवारी तुम्ही मला असं सांगितलं आणि त्याच दिवशी त्यांना असं कळवलं’ एवढं लिहिलंत तर वाचणाऱ्याला निष्कर्ष आपोआप काढता येतो, आणि तुमचं बोलणं खोडणं कठीण जातं.

कॉम्प्लिसिटी आणि सिम्प्लिसिटी यांच्याशी काही संबंध?

घडीचं मूळ एकच. ‘सिम्प्लेक्स’ म्हणजे एकेरी घडी, त्यावरून सिम्प्लिसिटी, साधेपणा. पूर्वीच्या इंग्रजीत तिचा अर्थ निष्कपटपणा असाही व्हायचा, म्हणजे ड्युप्लिसिटीच्या थेट समोरचा. ‘कॉम्प्लिसिटी’ म्हणजे दुसऱ्याच्या गैरकृत्यात सामील असणं. बातम्यांत कॉम्प्लिसिटी आणि ड्युप्लिसिटी यांची अदलाबदल झालेली दिसते आणि अर्थ पार बदलतो: एकात साथ दिल्याचा आरोप आहे, दुसऱ्यात दोन चेहऱ्यांचा.

कायद्याच्या आणि विज्ञानाच्या मजकुरात हा शब्द भलत्याच अर्थाने का येतो?

तिथे तो आपल्या जुन्या, निरुपद्रवी अर्थाने शिल्लक आहे: दुहेरीपणा. इंग्रजी फौजदारी कायद्यात आरोपपत्राच्या एकाच कलमात दोन वेगवेगळे गुन्हे घातले तर तो आरोप ‘ड्युप्लिसिटी’मुळे सदोष ठरतो. आरोपीला नेमकं कशाला उत्तर द्यायचं हे कळलं पाहिजे, हे त्यामागचं कारण. कोणी कोणाला फसवल्याचा इथे प्रश्नच नाही. उलट एकच गुन्हा अनेक कलमांत विभागला तर अमेरिकी न्यायालयं त्याला ‘मल्टिप्लिसिटी’ म्हणतात. खगोलशास्त्रात ताऱ्याची ड्युप्लिसिटी म्हणजे तो जोडतारा असणं. दृष्टीच्या अभ्यासात ‘ड्युप्लिसिटी थिअरी’ सांगते, की डोळ्यातल्या दंडपेशी मंद प्रकाशात आणि शंकूपेशी भरपूर प्रकाशात व रंग ओळखण्यासाठी काम करतात. अशा ठिकाणी ‘कपट’ लिहिलं तर अनर्थ होतो, ‘द्वित्व’ किंवा ‘दुहेरीपणा’ लिहावं.

उच्चार आणि विरुद्धार्थी शब्द?

ब्रिटिश उच्चार ‘ड्यूप्लिसिटी’, अमेरिकी ‘डूप्लिसिटी’, आघात दोन्हींत ‘प्लि’वर. विरुद्धार्थी म्हणून परीक्षेत ‘ऑनेस्टी’ चालतं. पण नेमका हवा असेल तर ‘कँडर’ घ्या, म्हणजे आतबाहेर एक असणारा मोकळेपणा. त्याचं लॅटिन मूळ पांढऱ्याशुभ्र रंगाचं. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरा झगा घालत, त्यावरूनच ‘कँडिडेट’ हा शब्द आला.